पाळणाघराची जाहिरात आणि ‘सावधान’चा मेसेज

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी तळोद्यात पोलीस निरीक्षक होतो. दुपारी एका जीपवाल्याचा फोन आला. “साहेब, कॉलनीमा गर्दी व्हयी ऱ्हायनी. मोलगीकडनी बाईले लोके मारतीन.”

मोलगीच्या डोंगरभागातून आलेली ही बाई कॉलनीत नोकरदारांची मुलं घरी सांभाळायची. आम्ही तिला गर्दीतून काढून ठाण्यात आणलं. मागोमाग कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आला. “पोरं चोरनारी शे ती. तिले आत टाका, नही त गाव सोडाले लावा.” त्याच्या मोबाईलवर चार मुलांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘सावधान, मुलं पळवणारी बाई’.

महिला हवालदारांनी तिचा जबाब घेतला. फोटो तिनेच जाहिरातीसोबत ग्रुपवर टाकला होता. पालकांना विचारलं होतं का, मी तिला विचारलं.

“नाही साहेब. आमच्या पाड्यावर अंगणात खेळणारं पोर सगळ्यांचं. फोटोला विचारावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही.”

चूक तिची होतीच, तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. मग तिच्या मोबाईलमधली मूळ जाहिरात वाचली. नाव, पत्ता, वेळ, आणि शेवटी ‘आधी येऊन घर बघून जा’. मुलं पळवणारी बाई स्वतःचा पत्ता कशाला देईल?

ॲडमिनला समोर बसवलं. “मी फक्त पुढे पाठवलं,” म्हणाला. हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं आहे. मग तुला कुणी पाठवलं ते दाखव, म्हटलं. दाखवता येईना. ग्रुप चाळला तर त्याच्या बायकोच्या पाळणाघराची जाहिरात रोज सकाळी पडलेली. ती दाखवताच तो उसळला. “बाहेरनी बाई आमना ग्रुपवर जाहिरात टाकस म्हंजे काय?” संपलं, सगळं बाहेर आलं. तिच्या जाहिरातीतला फोटो उचलून खाली ‘सावधान’ त्यानेच लिहिलं होतं.

एका पुढाऱ्याचा फोन आला, मिटवून टाका. मी मिटवलं नाही. ॲडमिनवर अफवा पसरवल्याचा गुन्हा दाखल केला आणि पंचांसमक्ष त्याचा मोबाईल जप्त केला.

बाईला म्हटलं, थोडे दिवस गावी जा. ती म्हणाली, “का जाऊ? मी कुणाचं पोर चोरलंय?” चारही घरी जाऊन तिने फोटोबद्दल माफी मागितली. आठवड्यात नव्या ॲडमिनला विचारून त्याच ग्रुपवर पुन्हा जाहिरात टाकली. या वेळी फोटो फक्त स्वतःचा.

चूक करणारा आणि त्या चुकीचा फायदा उठवणारा यांना एका मापाने मोजायचं नाही, हे मी तेव्हा शिकलो. त्या ॲडमिनने तिची माफी आजवर मागितलेली नाही. परवा बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला. मी घेतला नाही, आणि तिची माफी मागेपर्यंत घेणारही नाही.