तीन निवद

देऊळघाटच्या निवृत्त नर्स सिसिलियाबाई मागे एकदा जेवणाआधी क्रूसाची खूण करत होत्या, तेव्हा शेजारच्या रुखमाबाईंनी विचारलं होतं, "तुमचे देव किती हो, सिस्टर?" पिता, पुत्र, पवित्र आत्मा, कोण समजावत बसणार! "तीन," म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

आज सणाला रुखमाबाईंनी पुरणाचे तीन निवद त्यांच्यापुढे मांडले. "तुमच्या तिघांयले."

सिसिलियाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "देव एकच हाय, बाई. व्यक्ती तीन, पण देव एक. मलेही पुरतं उमगत नाही. पण सांगाचा कंटाळा केला अन् तीन म्हनलं, ते माह्यं चुकलंच."

"अवो, मी तं साऱ्या गल्लीले तीनच सांगितले!"

ताट तसंच सोडून सिसिलियाबाई उठल्या आणि त्यांनी गल्लीतल्या पहिल्या घराची कडी वाजवली.