टोपली घेईन

“धूर दिसला तर तुम्ही काय कराल?”

“टोपली घेईन.”

माझं पेन थांबलं. समोर बसलेल्या कुंदाबाई चाळिशीच्या. माझ्याकडे न पाहता टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. माणूस विचार कसा करतो, ते प्रश्नांवरून तपासणं हे माझं काम. प्रश्न ठरलेले, बरोबर उत्तरंही ठरलेली. साताऱ्याहून भंडारा जिल्ह्यात येऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

कुंदाबाई एकोडीजवळच्या एका शाळेत खिचडी शिजवायच्या. शाळेच्या समितीनं त्यांना तपासणीला पाठवलं होतं. सोबत आलेले अध्यक्ष म्हणाले, “बाई कोनाच्या तोंडाकडे पाहत नाही जी. आपण बोललो तेच वापस बोलते. अशा डोक्याच्या बाईले चुलीपाशी कायले ठेवाचं?”

मॅन्युअलमधली उत्तरं अशी: जवळ जाऊन पाहीन, लोकांना सांगेन, विझवायला धावेन. टोपली कुठेच नव्हती. मी शून्य दिलं. रिपोर्टमध्ये एक ओळ माझ्या मनानं घातली: ‘आगीचा धोका समजत नाही.’

त्या ओळीमुळे त्यांचं काम गेलं.

पुढे चैत्रात सानगडीला कॅम्प होता. सकाळी जीपमधून जाताना रस्त्याकडेच्या झाडांखालून धूर येताना दिसला.

“वासुदेवभाऊ, थांबवा. आग लागलीय.”

आमच्या ड्रायव्हरनं ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाही. “आग कायची साहेब. मोहाखालचा पाला जाळून राहिले. जमीन साफ झाली का फुलं येचाले सोपं जाते.”

“म्हणजे धूर दिसला की…”

“टोपली घ्याची अन् निंगाचं.”

कुंदाबाईंना दिलेलं शून्य मला आठवलं.

कॅम्प आटोपून तडक त्यांच्या घरी गेलो. कुंदाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या.

“तुम्ही टोपली म्हणालात, ते मोहफुलांसाठी?”

“तुम्ही धुराचं इचारलं,” फुलांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. “आगीचं कुठी इचारलं?”

“आणि शाळेत आग लागली असती तर?”

“आधी पोरं बाहेर. मंग रेगुलेटर बंद. मंग ओलं पोतं.” त्यांनी एक फूल उचलून सरळ ठेवलं. “तवा काहून नाही इचारलं?”



मी पूर्ण तपासणी नव्यानं केली. कुंदाबाईंना ऑटिझम आहे. म्हणजे मेंदूची घडण वेगळी आहे. शब्द जसा येतो तसाच त्या घेतात. बुद्धी कमी नाही. नजर चुकवणं, बोललेलं पुन्हा बोलणं, सगळं माझ्यासमोर घडलं होतं. मी ते ‘नॉर्मल नाही’ या एका खान्यात टाकून मोकळा झालो होतो.

नवा रिपोर्ट घेऊन मी स्वतः समितीकडे गेलो. अध्यक्षांनी तो वाचला, घडी घालून परत दिला.

“आता दुसरी बाई लागली जी. अन् साहेब, पयल्या कागदावरही तुमचीच सही हाये ना?”

होती. अजून आहे.

मॅन्युअल तेच आहे, माझी नोकरीही तीच. फक्त शून्य लिहिण्याआधी मी समोरच्याला विचारतो, “काहून?” विचारायला दोन सेकंद लागतात.