मवाळांचा पंखा

आखातात, मदिनत खलीफातल्या एका व्हिलाचे तुकडे पाडून आम्ही चार कुटुंबं राहत होतो. स्वयंपाकघर एकच, मागच्या अंगणात. मासळी तिथेच तळायची; खोलीत तळली तर वास गाद्यांत मुरायचा. दोन हजार सालानंतर एकदा घरमालकाचा निरोप आला की स्वयंपाकघर पाडून तिथे भाड्याची खोली काढणार. आपापल्या खोलीत विजेची शेगडी ठेवा. मी रत्नागिरीहून मुलाकडे आलेली म्हातारी. ते स्वयंपाकघर गेलं, तर दिवसभर पलंगावर बसून भिंत बघणं आलं.

जुम्म्याची नमाज झाली आणि चारही घरांतले पुरुष आमच्या खोलीत सभेला बसले. सगळे कारकून. ठरलं असं की मालक न्यायी आहे, हे सगळं त्याच्या मॅनेजरचं काम; मालकाला बिचाऱ्याला माहीतच नसणार. मग इंग्रजीत अर्ज लिहिला. आधी मालकाच्या तब्येतीची चौकशी, मग डोक्यावर छप्पर दिल्याबद्दल आभार, मग त्याला उदंड आयुष्य. स्वयंपाकघर अगदी शेवटी, शेपटासारखं.

"आणि त्याने नाही ऐकलं तर?" मी विचारलं.

"तर आणखी एक अर्ज करू, अम्मा," मुलगा म्हणाला.

नात कोपऱ्यात इतिहास पाठ करत होती. इंग्रजांच्या काळातले सुरुवातीचे पुढारी, मवाळ. तिने मला समजावलं: त्यांचा इंग्रजांच्या न्यायावर फार भरवसा. इथला अधिकारी वाईट, पण विलायतेतला साहेब चांगला. वर्षातून एकदा जमायचं, भाषणं करायची, अर्ज पाठवायचे. "दे वेअर जंटलमेन, दादी."

"दिसतायत की समोर. चहा हवाय त्यांना, देऊन ये."

मग मीच सुचवलं की पाडणारे येतील त्या दिवशी आम्ही बायका स्टुलं घेऊन आत बसतो.

"अम्मा, व्हिसा जाईल सगळ्यांचा," मुलगा हळूच म्हणाला. मी चहाचे कप गोळा करायला घेतले.

भर उन्हात टाय लावून चौघे मालकाकडे गेले. परतले ते खुलूनच.

"स्वतःच्या हाताने कहवा ओतला त्याने."

"आणि स्वयंपाकघर?"

"विचार करतो म्हणाला. इन्शाल्ला."

पुढच्या आठवड्यात ते पाडलं. त्याच दिवशी मॅनेजर एक खोकं घेऊन आला. अर्जाचा विचार करून मालकाने धूर ओढायचा पंखा पाठवला होता. तो ज्या भिंतीत बसवायचा, ती अंगणात पडली होती. मंडळींनी जुम्म्याला जमून आभाराचा अर्ज लिहायचं ठरवलं.

"मवाळांनी काय मिळवलं?" नातीच्या परीक्षेत येणारा प्रश्न होता. मी म्हटलं, पंखा लिही. ती हसली, पुस्तकात होतं तेच लिहिलं, की त्यांनी पुढच्यांसाठी जमीन तयार केली. केली असेल. पुढे जहाल आले म्हणे.

जुम्म्याला सभा बसली, अर्ज द्यायला जायचं म्हणून टाय लावूनच. मी त्याच खोलीत विजेच्या शेगडीवर बांगडे तळायला घेतले. खिडकी बंदच ठेवली. मुलगा खोकत म्हणाला, "अम्मा, आत्ताच?"

"मग कुठे जाऊ? अर्ज करू का?"

टायांना वास लागला. जेवून मात्र सगळे गेले.