पुस्तकाचं मधलं पान

शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका काय करतात ते मला माहीत आहे. हरिपाठ, लोणची आणि सुनेवर देखरेख. तिन्हींना माझा दुरूनच नमस्कार. मला हिमालयात चालायचं होतं, चांगलं पंधरा-वीस दिवस, पाठीवर पिशवी टाकून. आणि घरचं कोणीही सोबत नको होतं. गटात जायला माझी ना नव्हती. अनोळखी माणसं कितीही चालतील, ओळखीचं एक नको. लग्न झाल्यापासून मी एकटी अशी फक्त न्हाणीघरात गेले आहे, आणि तिथंही दाराबाहेरून कोणीतरी 'माहा चष्मा कुठं ठेवला वो' म्हणून विचारतंच.

डोंगरात जायचं हे मी घरात सांगून टाकलं. एकटीनं जायचं, हे मात्र तोंडातून निघेना. भरलेला वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई मी, आणि नवऱ्यापुढे एवढं एक वाक्य जमेना! स्वतःचीच चीड येत होती.

आमचं गाव अड्याळ. इथं उंच म्हणजे तलावाची पाळ. तिच्यावर चढलं की माणूस कमरेवर हात ठेवून चार गावं पाहतो आणि स्वतःला फार मोठा समजतो. त्यामुळे डोंगराची अक्कल पुस्तकातूनच घ्यावी लागणार होती. भंडाऱ्याला दुकानात गेले, तर तिथली सगळी पुस्तकं तलाठी नाहीतर पोलीस होण्याची. शेवटी फोनवरून तीन मागवली. आवडेल ते ठेवायचं, बाकीची परत.

पहिलं इंग्रजी, चकचकीत. प्रत्येक फोटोत तोच एक सोनेरी दाढीवाला, आणि मेल्याला कुठंच घाम नाही. दुसरं पुण्याच्या कोण्या गृहस्थाचं. त्यात डोंगर कमी आणि सूचना जास्त. हे आणू नये, ते खाऊ नये, मोठ्यानं बोलू नये. जणू हिमालय यांच्या घरची ओसरी आणि आपण जोडे काढून उभं राहायचं. तिसरं एका बाईनं लिहिलेलं, बारकंसं, मराठीत. पोटदुखी, संडास, पायाचे फोड, भीती, सगळं तिनं सरळ लिहिलं होतं. कुठं पाणी मिळतं, कुठं मिळत नाही, तेही. चार पानं वाचली आणि मी ठरवलं, हेच.

पण आमच्या घरात कोणतीही वस्तू नवऱ्याच्या परीक्षेशिवाय राहत नाही. नवरा धानाचा व्यापारी. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल असतो आणि खाली पोचट, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून तो टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या मधोमध खुपसतो, मूठभर दाणे काढतो, एखादा दाताखाली फोडतो आणि भाव सांगतो. हीच रीत तो सगळीकडे लावतो. सिनेमा मधूनच पाहतो. मुलीला स्थळ आलं तेव्हा नवरदेवाला सोडून त्याच्या मधल्या भावाशीच बोलत बसला होता.

तिन्ही पुस्तकं त्यानं दिवाणावर मांडली. पहिलं मधोमध उघडलं. "याच्यात बरफच बरफ हाये. बाद." दुसरं उघडलं, अर्धं पान वाचलं. "हा माणूस कायले रागावून राहिला? बाद." तिसरं उघडलं आणि त्याचा चेहराच खुलला. माझं नशीब बघा! ऐन मधल्या पानावर मुक्कामाचा दिवस निघाला. उंचीवरच्या हवेची सवय व्हावी म्हणून त्या दिवशी कोणी पुढं जात नाही. त्यानं मोठ्यानं वाचलं, "आज चालायचं नाही. उन्हात बसा. भरपूर पाणी प्या. गरम सूप मिळतं."

"अवो, हे तं मस्तच हाये! एवढ्यासाठी तू सकाळ-संध्याकाळ पाळीवर चालून राहिली होती? मीबी येतो."

"आधीची पानं वाचा ना," मी म्हणाले.

"तोंडावरचा माल मले नको दाखवू."

संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजाराला कळलं की आम्ही दोघं नवराबायको हिमालयात जाणार. पठ्ठ्यानं पेटीतली लोकरीची टोपी काढून घालूनही पाहिली. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीत बसलेली.

मला एक सोपी वाट दिसत होती. भीती घालायची. जेवण झाल्यावर मी त्याच पुस्तकातलं सगळ्यात उंच खिंडीचं पान उघडलं आणि सावकाश वाचून दाखवलं. पहाटे अंधारात निघायचं, श्वास पुरत नाही, दर चार पावलांना थांबावं लागतं, एका अंगाला दरी. मला वाटलं, चला, सुटले.

"अन् तू इथून जाशीन?"

"जाईन."

"मंग तं मले यावंच लागन."

झालं! गडी पळायचा तर दूरच, आणखी पक्का झाला. मग माझा बांध फुटला.

"तुमी नका येऊ. मले एकटीले जायचं हाये."

"काहून? मी काय केलं?"

"काहीच नाही केलं. पण तुमी सोबत असले की तुमाले पाणी मिळालं का, तुमची गोळी झाली का, तुमाले थंडी वाजते का, हेच पाहत राहीन मी. डोंगर कवा पाहू?"

तो भांडेल असं मला वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणात मी त्याला ऐकत नाही. पण तो दिवाणाच्या कडेला बसून राहिला.

"तिथं तुले काही झालं तं?"

"गटवाले फोन करतीन."

"फोन करतीन. पण मी पोचीन कवा?"

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं मला असं काही विचारलं नव्हतं. त्याच्याशी खोटं बोलवेना.

"नाही पोचणार," मी म्हणाले.

तो उठला, इंग्रजी आणि पुण्याचं अशी दोन पुस्तकं खोक्यात नीट बसवली. "हे मी उद्या परत पाठवतो," म्हणाला. "तुहं ठेव."

'चला, तुमीबी चला' असं अगदी जिभेवर आलं होतं. ते मी दात आवळून गिळलं आणि त्याच्या हातात चिकटपट्टी दिली.