सेलुवायाचा संशय

सेलुवायाच्या हातात कुणी नारळ ठेवला, तर ती आधी तो कानाशी हलवून बघायची, मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग विचारायची, "इतका चांगला नारळ, आणि मला का दिलास?" स्वभावच तो. नवरा गेला तेव्हा सांत्वनाला आलेल्या बायकांमध्येसुद्धा रडं खरं कुणाचं आणि शेजारणीला दाखवायला कुणाचं, हे ती पदराआडून ताडत बसली होती, असं गावातली माणसं अजून सांगतात. खोटं नसावं.

आमच्या बेटावर बायका तुतीच्या सालीचं कापड करतात. लांबलचक ओंडक्यापुढे ओळीनं बसायचं आणि मोगरीनं साल ठोकून ठोकून रुंद करायची. सेलुवाया कायम टोकाला बसे. का, तर तिथून सगळ्या दिसतात. शेजारची लेसिएली तिला चिडवायची, "तुला स्वर्गाच्या दारात उभं केलं तरी आत कोण कोण आहे ते विचारल्याशिवाय तू पाऊल टाकायची नाहीस!"

"मग? तुझ्यासारख्या आधीच घुसल्या असतील तर मी कशाला जाऊ?" असं म्हणून ती मोगरी हाणायची.

पण त्या हिवाळ्यात ही थट्टा-मस्करी संपली. घरातली साखर आटत होती. यीस्टचा डबा भरलेला ठेवावा तर अर्धा व्हायचा. झाडाखालची संत्री नाहीशी व्हायची. साखर, यीस्ट, संत्री म्हटल्यावर आमच्याकडे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल की कुठेतरी बादलीत होपी, म्हणजे आमची घरगुती दारू, आंबतेय. आणि घरात पोरगा एकच, तिच्या भावाचा केलेपी. सतरा वर्षांचा.

केलेपीची आई तो लहान असतानाच गेली. बाप, मोआला, ऑस्ट्रेलियात फळबागांवर राबायला गेला, तो सणालाही येत नाही, पैसे तेवढे धाडतो. पोराला वाढवलं आत्यानं. आमच्यात आत्याचा मान बापाहून मोठा. आत्या बस म्हणाली की बसायचं, ऊठ म्हणाली की उठायचं. मोआला स्वतःसुद्धा मोठ्या बहिणीशी अहो-जाहो करतो. मिसरूड फुटल्यापासून दोघं कधी एका चटईवर बसलेली नाहीत. बहीण-भावांनी कसं अंतर राखून राहावं, हे बघायचं तर या दोघांकडे बघा, असं पाद्रीबाबा लग्नाच्या प्रवचनात सांगायचे. फोनवरसुद्धा हवापाणी, देऊळ, तब्येत, बस. त्यापुढचं अवघड काही असलं की ती फोन पाद्रीणबाईच्या हातात द्यायची.

आणि मग तो रविवार उजाडला. देवळात प्रार्थना चालू असताना केलेपी झोकांड्या खात आला आणि गाणाऱ्या बायकांच्या पायरीवर भडाभडा ओकला. पांढरे कपडे घातलेल्या बायका किंचाळत मागं सरल्या. सेलुवायाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मुखियानं संध्याकाळीच निरोप धाडला: हे तिसऱ्यांदा झालं, पुढच्या सोमवारच्या बोटीनं पोराला राजधानीला पोलिसांच्या हवाली करायचं. मोआलानंही फोनवर, पाद्रीणबाईमार्फत, होकार दिला होता. म्हणाला, तिथं दोन दांडके बसले की शुद्धीवर येईल.

"शुद्धीवर येईल? हाडं परत येतील," सेलुवाया म्हणाली आणि मुखियाच्या दारात जाऊन उभी राहिली. "पोराला कुणीतरी नादाला लावलंय. तो माणूस मी तुमच्यासमोर आणून उभा केला, तर पोराला सोडाल?"

मुखियानं डोकं खाजवलं. "बघू. सोमवारपर्यंत आणा."

कोण असेल, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिच्या दिराचा फेलेती. अमेरिकेत वाढला, तुरुंगात बसला आणि तिथल्या सरकारनं उचलून परत बेटावर टाकला. मानेवर गोंदण, आमची भाषा मोडकी, आणि केलेपी दिवसरात्र त्याच्याच रताळ्यांच्या मळ्यात. पाणी कुठं मुरतंय ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

आठवडाभर तिनं पाळत ठेवली. मोगरी खाली ठेवून मध्येच उठायची. बायका डोळे मिचकावायच्या. लेसिएली म्हणाली, "अगं, साप साप म्हणून भुई धोपटतेस. एकदा पोरालाच विचार की!"

"चोराला विचारून चोरी सापडते का?"

शनिवारी दुपारी ती फेलेतीच्या मळ्यात शिरली ती दाणदाण पाय आपटत. "काय रे ए गोंदणवाल्या! माझं पोर नासवलंस. उद्या मुखियासमोर कबूल करायचंस, नाहीतर तुझ्या दुसऱ्या बाजूची मान मी रंगवते!"

फेलेतीनं कुदळ टेकवली. "काकू, मी सहा वर्षं थेंब घेतलेला नाही. घेतला तर मी मरेन, हे मला माहितेय."

"तर मग तो इथं काय देवाची गाणी शिकायला येतो?"

"रताळी खणायला येतो. दमला की त्याला झोप लागते, म्हणून. आणि काकू, तो कुणाबरोबर पीत नाही. एकटा पितो. मी तुरुंगात असली पोरं खूप बघितली. एकटं पिणारं पोर चैन म्हणून पीत नसतं. शनिवार आला की हा जास्तच पितो. का, ते तुम्हीच विचारा. मला सांगत नाही."

शनिवार.  समुद्राची ती राक्षसी लाट गावात घुसली तोही शनिवारच होता, तीन वर्षांपूर्वीचा. त्या लाटेत केलेपीची थोरली बहीण फिफिता गेली. दुपारची वेळ, सेलुवाया वरच्या वस्तीत कापड ठोकायला गेलेली, घरात ही दोघंच. संध्याकाळी केलेपी नीरफणसाच्या झाडावर सापडला, जिवंत. फिफिता दोन दिवसांनी सापडली. "मी घरी नव्हतो," एवढंच तो म्हणाला होता. आणि सेलुवायानं ते कधी मानलं नव्हतं. पोरगं बहिणीला टाकून पळालं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तोंडानं ती बोलली नाही, पण तीन वर्षं त्याला जेवायला वाढताना ती त्याच्या पानाकडे बघायची, त्याच्या डोळ्यांकडे नाही. हे खरं आहे, आणि ते त्या पोराला कळत नव्हतं असं थोडंच आहे!

आवाज फुटला की आमच्याकडे पोरं घरात निजत नाहीत, आवारातल्या वेगळ्या झोपडीत निजतात. बायकांनी तिथं डोकवायचं नाही. सेलुवायानं आयुष्यात कधी डोकावलं नव्हतं. त्या दिवशी तिनं दार ढकललं आणि सरळ आत गेली.

आंबूस वास नाकात घुसला. कोपऱ्यात बादली, तिच्यावर तिच्याच हातचं कापड झाकलेलं. शेजारी केलेपी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, हातात मग.

"आत्या! तुम्ही इथं कशा? बाहेर व्हा!"

"नाही होत. बोल, कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"खोटं बोलतोस. तेव्हाही खोटं बोललास, आताही. तू घरीच होतास त्या दिवशी. पळालास!"

केलेपीनं मग खाली ठेवला. "हो, वाटू दे तुम्हाला तसंच. ते बरं आहे."

"काय बरं आहे?"

"पळालो, हे बरं आहे."  "ती न्हात होती, आत्या. समुद्र मागं गेला ते मी बघितलं. धावत न्हाणीपाशी आलो. ओरडलो, फिफिता, चल! ती म्हणाली, थांब, कपडे घालते, आत येऊ नकोस. मी दाराशी आलो होतो. कडी नव्हती, नुसता पत्रा होता. ढकलला असता तर उघडला असता. तुम्ही शिकवलंत ना, बहीण न्हात असेल तर पाठ फिरवून उभं राहायचं? मी पाठ फिरवली. पाठ फिरवून उभा राहिलो, आत्या. ती म्हणत होती, झालं, झालं, एक मिनिट. आणि मला पाण्याचा आवाज येत होता आणि मी उभाच. शुद्धीवर आलो तो झाडावर."

त्यानं बादलीवरचं कापड नीट ओढलं. मग सावकाश म्हणाला, "दुपारी डोळे मिटले की ती 'झालं, झालं' म्हणते. होपी प्यायलो की म्हणत नाही."

सेलुवाया खाली बसली. पोरांच्या झोपडीत, पोरांच्या चटईवर. तिला मोठ्यानं रडू आलं आणि ती रडली, लाजलीबिजली नाही. पोराला जवळ ओढलं तर त्याचं अंग आधी लाकडासारखं होतं, मग सैल पडलं. "माझ्या राजा," ती म्हणत राहिली, "मी तुझ्याबद्दल काय काय मनात घेतलं रे! मेली माझी अक्कल." चोर धरायला ती गावभर फिरली होती, आणि पोराच्या पायांना ज्या शिकवणीनं दाराशी बांधलं, ती तिनंच दिलेली. आता मुखियासमोर कुणाला नेऊन उभं करायचं होतं?

बादली तिनं ओतली नाही. फेलेतीला बोलावलं. तो म्हणाला, "एकदम तोडू नका, काकू, अंग थरथरेल. मी रोज थोडी कमी करीन. आणि दुपारचं त्याला एकट्याला बसू देऊ नका." केलेपीनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते तिला नक्की कळलं नाही.

रविवारी मोआलाचा फोन आला, बोटीबद्दल विचारायला. पाद्रीणबाईनं सवयीनं हात पुढं केला. सेलुवायानं फोन दिला नाही.

"मोआला, मी बोलतेय. पुढचं मीच बोलणार."

पलीकडे तो गडबडला. "ताई, तुम्ही कशाला? बाईंना द्या ना."

तिनं सांगितलं. न्हाणी, पत्र्याचं दार, फिफिता आत उघडी, पोरगा बाहेर पाठमोरा. बहिणीनं भावापुढे तोंडातून काढू नये असला शब्द न् शब्द तिनं काढला. पाद्रीणबाई कानांवर हात ठेवून अंगणात निघून गेली. मोआला मध्ये एकदा "पुरे, ताई" म्हणाला. ती थांबली नाही.

 सगळं ऐकून तो म्हणाला, "दार ढकलायचं होतं. गाढवानं. दार ढकलायचं होतं."

"तू ढकललं असतंस?" सेलुवायानं विचारलं. "मी आत असते, अशी, आणि पाणी येत असतं. खरं सांग मोआला. देवाशपथ. तू आत आला असतास?"

फोनमध्ये कुठंतरी दूर ट्रॅक्टर चालू होता. मोआलानं कुणाला तरी तो बंद करायला सांगितलं. 

"नसतो आलो, ताई," तो म्हणाला, आणि हुंदका देऊन रडू लागला.

"मग माझं पोर बोटीत चढणार नाही," सेलुवाया म्हणाली. "मुखियाला तू सांग."