खेकड्यांचा रकाना

नांदगाव तालुक्यातल्या एका ओढ्याचं खोलीकरण झालं होतं. त्याचा फायदा किती झाला, हे तपासायला मला पाठवलं. विहिरींत टेप सोडून मी पाणी मोजलं. ते खरोखरच वर आलं होतं, म्हणून मी खुशीत आकडे भरत गेलो.

ओढ्यातही पाणी भरपूर होतं, पण वाहत नव्हतं. जेसीबीने वाळू आणि दगडगोटे उपसून काठचा लव्हाळासुद्धा खरवडून टाकला होता. तिथे धुणं धुणाऱ्या एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, काय फरक पडला?"

"पाणी लय हाय बाबा," ती म्हणाली. "पण खेकडं नाय राह्यलं. दगड उचलला की सापडायचं. आता दगडच नाय."

मी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. त्यात विहिरी होत्या, पिकं होती, टँकर होते. खेकड्यांना रकाना नव्हता. शेवटचा रकाना ग्रामस्थांच्या तक्रारींचा होता. म्हातारीने तक्रार थोडीच केली होती? मी तिथे 'निरंक' लिहिलं आणि सही ठोकली.

फॉर्म छापणाऱ्यावर मी बरीच वर्षं चिडत होतो. पण पेन माझ्या हातात होतं, आणि समासात जागाही होती.