उलटा फिरणारा पंखा

आमच्या धाकट्या भाऊजींना मोटर दाखवायची नसते, ऐकवायची असते. मिक्सर असो की पाण्याचा पंप, क्षणभर कान देतात आणि सांगतात, "बेअरिंग गेलंय." मोटरी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आमच्या घराच्या बरोब्बर खाली आहे. शेजारच्या गाळ्यात एक वेल्डर. त्याच्या झाडून सगळ्या शर्टांना बारीक भोकं, म्हणून गल्लीत त्याचं नाव पडलं ठिणगी.

सहा वर्षांपूर्वी भाऊजींनी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत एक करामत केली. बॉयलरच्या धुराड्याभोवती पत्र्याची पेटी बसवली आणि पेटीतली तापलेली हवा पंख्याने कपडे वाळवायच्या खोलीत सोडली. लाँड्रीचं जळण निम्म्यावर आलं. पेटीचे सांधे जोडून दिले होते ठिणगीनेच. भाऊजींनी त्याचा गाजावाजा केला नाही. दुसऱ्या दिवशी नवी मोटर उघडून बसले.

मग सरकारची योजना आली. ऊर्जा वाचवणाऱ्या नव्या कल्पनांना अनुदान, आणि पाहणीत पास झालं की प्रमाणपत्र. अनुदानापेक्षा भाऊजींना त्या प्रमाणपत्राचीच ओढ. "वहिनी, फ्रेम करून इथे लावणार," म्हणाले आणि दुकानात खिळा ठोकूनही टाकला.

अर्ज भरायचं काम माझ्याकडे. 'कल्पनेची सद्यःस्थिती' या रकान्याशी मी थांबले तर म्हणाले, "लिहा, सहा वर्षांत एकदाही बंद पडलेलं नाही." दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नसते. मी ते वळणदार अक्षरात लिहिलं. वर 'अखंड' हा शब्द माझ्या पदरचा घातला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. योजना फक्त नव्या कल्पनांसाठी आहे. आपलं यंत्र आधीपासूनच वापरात असल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही.

आणि ठिणगीला अनुदान मिळालं! त्याने तीच पेटी समोरच्या बेकरीच्या भट्टीसाठी कागदावर काढली होती, रंगीत पेन्सिलींनी. पावाचं पीठ फुगायला ठेवतात ती खोली त्यातून ऊबदार राहणार होती. तोवर एक खिळासुद्धा ठोकलेला नव्हता, म्हणूनच कल्पना नवी ठरली.

त्या दिवसापासून भाऊजींनी ठिणगीच्या दारावरून जाणं सोडलं. जिना त्याच्या गाळ्यापलीकडे उतरतो, म्हणून मागच्या गल्लीने वळसा घालून स्वतःच्याच दुकानात यायचे. घरी त्याचं नाव निघालं की ताट सरकवायचे. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "काहीतरी जळतंय. बेकरीत की आमच्याकडे?"

खोटं कशाला बोलू, माझ्याही पोटात दुखतच होतं. जिन्यात ठिणगीची बायको दिसली की नळ चालू राहिल्याचं निमित्त करून मी वर पळायची.

पाहणीच्या दिवशी ठिणगीने अख्ख्या गल्लीला बोलावलं. "मी काही बघायला जात नाहीये, पाव आणायचाय," असं म्हणत भाऊजी निघाले. पिशवी घेऊन मीही निघाले. समितीची तीन माणसं आली, बटण दाबलं, पंखा घरघरला. भाऊजींनी मान कलती केली. कित्येक महिन्यांत न दिसलेलं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

"वहिनी, पंखा उलटा फिरतोय."

"म्हणजे हो?"

"मोटरच्या दोन तारांची अदलाबदल झालीये. हवा येईल, पण निम्मीशिम्मी. खोली काही तापायची नाही. आपटला आज!"

"मग सांगा की त्याला."

"मी कशाला सांगू? मी पाव न्यायला आलोय."

आणि मीही ठिणगीकडे गेले नाही. दोघं त्याच्या फजितीची वाट बघत उभे होतो.

समितीतल्या चष्मेवाल्या साहेबांनी झरोक्यासमोर हात धरला. "वा! गरम आहे." बाकी दोघांनीही हात धरले, माना डोलावल्या, कागदावर सह्या केल्या. फोटो निघाला. ठिणगी पास झाला. भाऊजी पाव न घेताच घरी आले.

खरा छळ पुढेच होता. बेकरीच्या त्या खोलीची खिडकी नेमकी भाऊजींच्या दुकानासमोर. दिवसभर ती उलटी घरघर. त्यांनी कानात कापूस घातला, रेडिओ मोठा केला. चौथ्या दिवशी दुपारी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन ताडकन उठले आणि रस्ता ओलांडून गेले. मी गॅलरीतून बघत होते.

"दादा, अहो, काय करताय?" ठिणगी मागून धावला.

"तोंड बंद कर आणि मेन बंद कर."

दोन तारा सुटल्या, इकडच्या तिकडे लागल्या. पंखा सुरू झाला तेव्हा वर मलासुद्धा फरक कळला. घरघर गेली, नुसती सणसणीत हवा. अर्ध्या तासात बेकरीवाला घाम पुसत बाहेर आला. "आज काय केलंत रे? पीठ परातीबाहेर आलं!"

ठिणगी भाऊजींकडे बघतच राहिला. "दादा, तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?"

"त्या दिवशी मी पाव न्यायला आलो होतो."

वर येऊन त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. एका दमात पेला रिकामा केला. मग, घरात कुणी गेल्यासारख्या आवाजात म्हणाले,

"वहिनी, आता ते सहा वर्षं बंद पडत नाही."